वीसास एक : रक्तातील आम्ल-आम्लारीचा ताळेबंद

वार्षिक अहवालाची पाने ही प्रामुख्याने जमाखर्चाची पाने असतात. तथापि आकड्यांच्या जोडीने एखादा आरोग्यविषयक विषय सर्वसामान्य वाचकांस समजेल अशा भाषेत मांडावा, असा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदाचा विषय निवडण्यास दोन प्रश्न कारणीभूत ठरले. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले नातेवाईक आम्हांस विचारतात, "मनगटातून पुन्हा पुन्हा रक्त कशाला काढता? सकाळी तर तपासले होते." आणि आमचे हितचिंतक देणगीदार विचारतात, "रक्तातील वायू तपासण्याचे यंत्र एकदा घेतले, मग त्यावर दरमहा खर्च कसला?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोहोंचे उत्तर एकच आहे. शरीर आपल्या रक्तातील आम्लाचे प्रमाण कसे सांभाळते, हे समजले की ते उत्तर आपोआप मिळते.

आम्ही वैद्यकशास्त्राचे नव्हे, वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. त्यामुळे या विषयाकडे आम्ही जमाखर्चाच्या नजरेने पाहिले, आणि ती नजर येथे उपयोगी पडते असे आढळले. लेखातील वैद्यकीय मजकूर आमच्या डॉक्टरांच्या नजरेखालून गेला आहे.

घरातील आम्ले आणि आम्लारी

आम्ल आणि आम्लारी हे शब्द प्रयोगशाळेतील वाटले, तरी या वस्तू आपल्या स्वयंपाकघरात रोज वावरतात. आमसूल, चिंच, लिंबू, ताक ही आम्लधर्मी. ज्या पापडांसाठी पेणचे नाव सर्वत्र घेतले जाते, त्या पापडांत पडणारा पापडखार, तसेच खाण्याचा सोडा आणि पानाला लावायचा चुना हे आम्लारीधर्मी. हळदीचा डाग पडलेल्या कापडाला साबण लावला की डाग लालसर होतो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले असते. साबण आम्लारीधर्मी असल्यामुळे हळद रंग बदलते. हळदीत चुना मिसळून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणधर्मावर आधारलेली आहे. आम्ल आणि आम्लारी योग्य प्रमाणात एकत्र आली की दोघांचाही दाह नाहीसा होऊन क्षार आणि पाणी तयार होते. आपल्या खाडीकाठच्या मिठागरांत पिकणारे मीठ हा असाच एक क्षार. तो आंबटही नाही आणि दाहकही नाही.

एखादा द्राव किती आम्लधर्मी आहे हे सांगण्यासाठी 'सामू' म्हणजेच पीएच ही मोजपट्टी वापरतात. डेन्मार्कमधील रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी ती १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याहून कमी म्हणजे आम्लधर्मी, अधिक म्हणजे आम्लारीधर्मी. निरोगी माणसाच्या धमनीतील रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात असतो. तो ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर गेल्यास जीव वाचणे अत्यंत दुर्घट होते.

हा फरक दिसायला लहान वाटतो. परंतु ही मोजपट्टी साध्या फुटपट्टीसारखी नाही. सामू ७.४ वरून ७.१ वर आला, म्हणजे केवळ ०.३ ने घसरला, तर रक्तातील आम्लता दुप्पट झालेली असते. आम्लता ज्या हायड्रोजन आयनांमुळे ठरते, त्यांचे रक्तातील प्रमाण लिटरमागे अवघे ४० नॅनोमोल असते. त्याच रक्तात सोडियम लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल असते, म्हणजे सुमारे पस्तीस लाख पटींनी अधिक. एवढ्या सूक्ष्म रकमेचा हिशोब शरीर अहोरात्र चोख ठेवते. तो चुकला तर पेशींतील प्रथिने आपला आकार व काम बदलू लागतात, हृदयाचे आकुंचन क्षीण होते, रक्तदाब टिकत नाही आणि शुद्ध हरपू लागते.

रोजची आवक

आम्ल शरीरात येते कोठून? आपण आंबट खातो म्हणून नव्हे. अन्नाचे ज्वलन होऊन शक्ती निर्माण होते, तेव्हा कर्बवायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो पाण्यात मिसळला की कार्बोनिक आम्ल बनते. प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाकाठी सुमारे १३,००० ते १५,००० मिलिमोल कर्बवायू निर्माण होतो. हा वायू श्वासावाटे बाहेर जाऊ शकतो, म्हणून त्यास 'उडून जाणारे आम्ल' म्हणता येईल.

दुसरी आवक याच्या मानाने लहान, पण चिवट. डाळी, मासळी, अंडी, मटण यांतील प्रथिनांत गंधक असते. त्याचे शरीरात गंधकाम्ल होते. फॉस्फरसपासून फॉस्फोरिक आम्ल होते. साठसत्तर किलो वजनाच्या माणसात असे आम्ल रोज साधारण साठसत्तर मिलिमोल तयार होते. कर्बवायूच्या तुलनेत हा दोनशेवा हिस्सा झाला. परंतु ते वायुरूप नसल्याने श्वासावाटे जात नाही. त्याला एकच दार आहे, ते मूत्रपिंडांचे.

पहिला आधार : राखीव निधी

आम्ल रक्तात उतरताच त्याला गाठणारा पदार्थ म्हणजे बायकार्बोनेट. खाण्याच्या सोड्यातील जो आम्लारी अंश, तोच हा. रक्तात त्याचे प्रमाण लिटरमागे २२ ते २६ मिलिमोल असते. जुन्या वैद्यकीय ग्रंथांत याला आम्लारींचा 'राखीव साठा' म्हणत असत. संस्थेच्या ताळेबंदात जसा राखीव निधी, तसाच हा. त्याच्या जोडीला रक्तातील हिमोग्लोबिन, इतर प्रथिने आणि फॉस्फेट हेही आम्ल शोषून घेतात. या सर्वांना 'बफर' म्हणतात. त्यांचे काम क्षणार्धात होते.

पण हा निधी किती दिवस पुरेल? पेशींबाहेरील द्रव साधारण पंधरा लिटर धरला आणि त्यात लिटरमागे २४ मिलिमोल बायकार्बोनेट धरले, तर एकूण शिल्लक सुमारे ३६० मिलिमोल होते. रोज सत्तर मिलिमोल आम्ल येत राहिले आणि नवी भरणा झालीच नाही, तर ही शिल्लक पाच दिवसांत संपेल. प्रत्यक्षात पेशींतील बफर व हाडे मदतीला येतात, त्यामुळे वेळ थोडा वाढतो. तरी तात्पर्य तेच राहते. निधीने वेळ मिळते, पण कर्ज फिटत नाही. फेड करणारे दोघे निराळे आहेत, फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे.

दुसरा आधार : श्वास

मेंदूच्या तळाशी श्वसनाचे केंद्र असते. रक्तातील कर्बवायू किंचित वाढला तरी ते जागे होते आणि श्वास जलद व खोल करते. मानेतील धमनीजवळही आम्लतेची वर्दी देणारे संवेदनशील भाग असतात. त्यामुळे काही मिनिटांतच अधिक कर्बवायू बाहेर टाकला जातो आणि रक्तातील आम्लता उतरते. जिना चढल्यावर लागणारी धाप हे याचेच रोजचे उदाहरण होय.

आम्ल फुफ्फुसांमुळे वाढलेले नसले, तरीही शरीर श्वासाचाच आधार घेते. मधुमेहाच्या रुग्णाच्या रक्तात कीटोन आम्ले साचली, की तो खोल व जलद श्वास घेऊ लागतो. हे श्वसन १८७४ साली जर्मन वैद्य कुसमाउल यांनी नोंदले आणि ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. छाती स्वच्छ, खोकला नाही, तरीही 'दम' लागलेला, असे चित्र दिसले तर डॉक्टर प्रथम साखर व आम्ल तपासतात ते यामुळेच.

तिसरा आधार : मूत्रपिंडे

मूत्रपिंडांचे काम सावकाश चालते. तासांनी सुरू होऊन तीन ते पाच दिवसांत ते पूर्ण वेग घेते. मात्र खरी फेड तीच करतात. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव मूत्रपिंडांतून गाळला जातो आणि त्याबरोबर चार हजारांहून अधिक मिलिमोल बायकार्बोनेटही खाली उतरते. निरोगी मूत्रपिंडे ते जवळजवळ सर्वच्या सर्व परत घेतात. ही झाली बचत. त्यापुढे जाऊन ती अमोनिया व फॉस्फेट यांच्या आधाराने आम्ल लघवीत सोडतात, आणि बाहेर टाकलेल्या आम्लाच्या प्रत्येक कणामागे बायकार्बोनेटचा एक नवा कण रक्तात जमा करतात. ही झाली नवी भरणा. म्हणूनच लघवीचा सामू ४.५ पर्यंत उतरू शकतो, तरीही रक्त ७.४ वरच राहते.

वीसास एक

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. रक्ताचा सामू एकट्या बायकार्बोनेटवर अवलंबून नसतो आणि एकट्या कर्बवायूवरही नसतो. तो या दोहोंच्या प्रमाणावर अवलंबून असतो. हा संबंध अमेरिकेतील हेंडरसन यांनी १९०८ मध्ये दाखवला आणि डेन्मार्कचे हॅसलबाल्क यांनी पुढे सामूच्या भाषेत मांडला. निरोगी रक्तात बायकार्बोनेटचे वीस भाग असतील तर विरघळलेल्या कर्बवायूचा एक भाग असतो. वीसास एक हे प्रमाण टिकले की सामू ७.४ राहतो.

उदाहरणादाखल एक हिशोब पाहू. निरोगी माणसात बायकार्बोनेट २४ आणि कर्बवायूचा दाब ४० असतो. तेव्हा सामू ७.४०. समजा, एखाद्या मधुमेही रुग्णाचे निम्मे बायकार्बोनेट आम्लाने खाल्ले आणि ते १२ वर आले. शरीर जोराने श्वास घेऊन कर्बवायूचा दाब २६ वर आणते. सामू ७.२९ होतो. तो घसरलेला आहे, पण कोसळलेला नाही. कागदावर हा आकडा फार भयानक दिसत नाही. परंतु राखीव निधी अर्धा संपलेला आहे आणि उरलेला डोलारा केवळ छातीच्या स्नायूंच्या श्रमावर उभा आहे.

आता हाच रुग्ण दमला. तासन्‌तास मिनिटाला तीस-पस्तीस खोल श्वास घेणे म्हणजे अखंड डोंगर चढण्यासारखे आहे. स्नायू थकले, श्वास मंदावला आणि कर्बवायू पुन्हा ४० वर आला. कर्बवायूचा हा आकडा 'नॉर्मल' आहे. पण बायकार्बोनेट १२ च असल्याने प्रमाण वीसास एक न राहता दहास एक झाले. सामू ७.१० वर उतरला. आम्लता निरोगी माणसाच्या दुप्पट झाली.

बाहेरून पाहणाऱ्यास काय दिसते? मघापासून धापा टाकणारा रुग्ण शांत झाला, डोळे मिटले, 'बरे वाटून झोप लागली'. नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. प्रत्यक्षात हीच सर्वांत धोक्याची घटका असू शकते. श्वास शांत होण्याची कारणे दोन असतात, आजार उतरणे किंवा माणूस थकणे. यांतले कोणते, हे डोळ्यांना नेहमीच कळत नाही. मनगटातील धमनीचे रक्त ते सांगते. पुन्हा पुन्हा रक्त काढण्याचे कारण हे आहे. एका वेळची शिल्लक पाहून संस्थेची स्थिती कळत नाही. ती वाढते आहे की घटते आहे, हे लागोपाठच्या नोंदींवरूनच समजते.

एका आकड्याने केलेली फसगत

एकच आकडा पाहिल्याने काय घडते, याचा धडा वैद्यकविश्वाने १९५२ साली कोपनहेगन येथे घेतला. त्या वर्षी तेथे पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू निकामी झालेले रुग्ण मोठ्या संख्येने दाखल होऊ लागले. पहिल्या तीन आठवड्यांत श्वसनयंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तातील बायकार्बोनेट वाढलेले दिसे. आम्लारी वाढल्याचे ते लक्षण आहे, असा समज झाला. भूलतज्ज्ञ ब्यर्न इब्सेन यांनी मात्र निराळे निदान केले. रुग्णाचा श्वास अपुरा आहे, कर्बवायू साचतो आहे आणि बायकार्बोनेट वाढले आहे ते त्याला तोंड देण्यासाठी, असे त्यांचे म्हणणे होते. घशाला छेद देऊन नळी घालावी आणि हाताने पिशवी दाबून श्वास द्यावा, असा उपाय त्यांनी सुचविला. तो लागू पडला. त्यानंतर सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, हाताने रुग्णांना श्वास दिला. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. याच साथीच्या निकडीतून तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल आस्ट्रप यांनी रक्तातील कर्बवायू मोजण्याची सुटसुटीत पद्धत बसविली. आजचे अतिदक्षता विभाग आणि आजची ए.बी.जी. तपासणी या दोहोंच्या इतिहासात त्या साथीचे स्थान फार मोठे आहे.

हा धडा आजही ताजा आहे. २०२० नंतर घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. त्यावर ९७ दिसले की सर्व ठीक, अशी समजूत रुजली. ऑक्सिमीटर केवळ प्राणवायू दाखवतो, साचलेला कर्बवायू दाखवत नाही. चुलीच्या धुराने किंवा विडी-सिगारेटने फुफ्फुसे झिजलेल्या रुग्णास प्राणवायू लावला असता आकडा ९७ दिसेल, आणि त्याच वेळी कर्बवायू वाढून तो गुंगीत जात असेल. अशा रुग्णांत डॉक्टर मुद्दाम प्राणवायूचा आकडा ८८ ते ९२ या दरम्यान ठेवतात. नातेवाइकांनी प्रेमापोटी नळीचा जोर स्वतःहून वाढवू नये, ही विनंती यासाठीच.

आपल्या परिसरातील वाटा

हमरापूर, जोहे व आसपासची गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी ओळखली जातात. भातशेती, खाडीची मासेमारी आणि डोंगरालगतच्या आदिवासी वाड्या हेही याच परिसराचे भाग. येथील जीवनक्रमात रक्तातील आम्ल वाढण्याच्या काही ठरलेल्या वाटा आहेत.

पहिली वाट पावसाळ्यातील जुलाबांची. जुलाबावाटे पाणी व मीठ जाते, हे सर्वांस ठाऊक आहे. आतड्यातील बायकार्बोनेटही त्याबरोबर जाते, हे फारसे ठाऊक नसते. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजण्याचा मार्ग अवलंबिला. त्यांच्या मिश्रणात लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे. सोडा होता तो गमावलेल्या राखीव निधीच्या भरपाईसाठी. ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांखाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. आजच्या जलसंजीवनीच्या पुडीत सोड्याऐवजी सायट्रेट असते. ते अधिक टिकते आणि शरीरात गेल्यावर त्याचे बायकार्बोनेटच होते. घरातील साखर-मिठाचे पाणी अडीअडचणीला चांगले, पण त्यात हा घटक नसतो. म्हणून पुडी घरात असावी.

दुसरी वाट मधुमेहाची. ताप आला, जेवण जात नाही, म्हणून इन्सुलिन बंद केले, असे अनेकदा घडते. सणाच्या आधी कारखान्यांत रात्री जागवून काम चालते, तेव्हाही जेवणाच्या व इंजेक्शनच्या वेळा चुकतात. इन्सुलिन नसले की शरीर चरबी जाळू लागते आणि कीटोन आम्ले साचतात. आजारपणात इन्सुलिनची मात्रा किती ठेवावी हे डॉक्टरांस विचारावे. स्वतःच्या मनाने ते बंद करू नये.

तिसरी वाट सर्पदंशाची, विशेषतः मण्यारीच्या दंशाची. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास चावते. जखम दिसत नाही, वेदना नसते. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात आणि मग श्वसनाचे स्नायू शिथिल होतात. फुफ्फुसे निरोगी असूनही कर्बवायू बाहेर पडत नाही. प्रतिविष आणि वेळीच दिलेला कृत्रिम श्वास यांनी असा रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. अंथरुणावर मच्छरदाणी नीट खोचून झोपणे हा यावरील स्वस्त आणि खात्रीचा प्रतिबंध होय.

चौथी वाट मूत्रपिंडांच्या विकाराची. फेड करणारेच निकामी झाले, की रोजचे आम्ल रोज साचू लागते. मग शरीर हाडांतील आम्लारी खर्चू लागते, जणू मुदत ठेव मुदतीआधीच मोडावी तसे. हाडे व स्नायू झिजतात. डायलिसिसच्या द्रवात बायकार्बोनेट असते. त्यामुळे प्रत्येक वेळी घाण बाहेर निघते आणि निधीची भरणाही होते. लग्नकार्य आहे, भातलावणी आहे, म्हणून आठवड्यातील एखादी पाळी चुकविली, तर तेवढ्या दिवसांचे आम्ल व पोटॅशियम अंगावर साचते. ज्या कुटुंबांत डायलिसिसचा रुग्ण आहे, त्यांनी हे विशेषत्वाने ध्यानी घ्यावे.

मग सोडाच का देत नाहीत?

आम्ल वाढले तर शिरेतून सोडा द्यावा, असे साहजिकच मनात येते. काही प्रसंगी तो दिला जातोही, आणि मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात सोड्याच्या गोळ्या उपयोगी ठरतात. परंतु सरसकट नाही. सोड्याचा आम्लाशी संयोग झाला की पुन्हा कर्बवायूच तयार होतो. थकलेला रुग्ण तो बाहेर टाकू शकत नसेल, तर आकडा क्षणभर सुधारतो आणि संकट वाढते. खरा उपाय आम्लाच्या उगमावर करावा लागतो. मधुमेहात इन्सुलिन व द्रव, जुलाबांत जलसंजीवनी वा सलाइन, मण्यारीच्या दंशात श्वसनाचा आधार.

या विचाराचे थोर उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास केला. विषामुळे शरीरात उसळणाऱ्या स्रावांनी हृदयावर ताण येतो, फुफ्फुसांत पाणी भरते आणि रक्तातील आम्लही वाढते. त्यांनी या साखळीच्या मुळावर घाव घालणारे प्राझोसिन हे औषध वापरले आणि १९८६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ते अनुभव मांडले. कोकणात विंचूदंशाने होणारे मृत्यू त्यानंतर मोठ्या प्रमाणावर घटले. २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

'ॲसिडिटी' आणि आम्लारीयुक्त पाणी

येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक वाटते. जेवणानंतर होणारी जळजळ, जिला आपण 'ॲसिडिटी' म्हणतो, ती जठर व अन्ननलिकेची तक्रार आहे. जठरातील रस मुळातच तीव्र आम्ल असतो. रक्ताच्या आम्लतेशी त्या जळजळीचा संबंध नाही. अलीकडे 'अल्कलाइन' पाण्याची महागडी यंत्रे विकली जातात आणि त्या पाण्याने रक्त आम्लारीधर्मी होऊन व्याधी बऱ्या होतात, असे सांगितले जाते. असे पाणी जठरात पोचताच तेथील आम्लात मिसळते. उरलासुरला परिणाम निरोगी मूत्रपिंडे लघवीवाटे काढून टाकतात. बदलतो तो लघवीचा सामू, रक्ताचा नव्हे. अशा पाण्याच्या भरवशावर कोणी इन्सुलिन वा डायलिसिस थांबवू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

नातेवाइकांसाठी

घरी कोणतेही यंत्र नसले तरी एक तपासणी प्रत्येकास करता येते. रुग्ण शांत पडलेला असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. प्रौढ माणसात ते १२ ते २० असतात. विश्रांतीतही ते पंचवीस-तीसच्या पुढे जात असतील, तर तो रुग्णालयात आणण्याचा संकेत समजावा. लहान मुलांत मर्यादा निराळ्या आहेत : दोन महिन्यांखालील बाळात ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षे ४०. श्वास याहून जलद असल्यास वाट पाहू नये. जलद श्वासानंतर रुग्ण एकाएकी शांत व गुंगीत दिसू लागला, तर एक क्षणही दवडू नये.

रुग्णालयात धमनीतून रक्त काढताना शिरेपेक्षा अधिक दुखते, हे खरे आहे. त्यानंतर ती जागा किमान पाच मिनिटे घट्ट दाबून धरावी लागते. त्या कामी नातेवाइकांचे सहकार्य परिचारिकांना मोलाचे वाटते.

देणगीदारांसाठी

ए.बी.जी. यंत्राची किंमत एकदा मोजावी लागते, पण त्याचा खर्च तेथे संपत नाही. बऱ्याच यंत्रांतील कार्ट्रिज एकदा बसविली, की ठरावीक दिवसांतच वापरून संपवावी लागते, रुग्ण अधिक आले वा कमी आले तरी. शिवाय नमुना काढल्यावर तो लगेच तपासावा लागतो, उशीर झाल्यास आकडे बदलतात. म्हणून तो दूरच्या प्रयोगशाळेत पाठवून भागत नाही. यंत्र रुग्णाच्या खाटेजवळच हवे आणि मध्यरात्रीही चालू हवे. ज्या रात्री एकही नमुना तपासला जात नाही, त्या रात्रीचा खर्च वाया गेला असे कृपया समजू नये. महामार्गावरून रुग्णवाहिका केव्हा येईल, हे आधी कळत नसते.

संस्थेच्या ताळेबंदात दोन्ही बाजूंची बेरीज जुळली, की हिशोबनीस निश्चिंत होतो. परंतु बेरीज जुळली याचा अर्थ संस्था सुस्थितीत आहे असा होत नाही. राखीव निधी मोडूनही बेरीज जुळवता येते. शरीराचेही तसेच आहे. निधी शिल्लक असेपर्यंत रुग्ण आमच्यापर्यंत पोचावा आणि तो पोचेल तेव्हा तपासणीचे साधन सज्ज असावे, या दोन गोष्टी साधल्या तर पुढील काम डॉक्टर करू शकतात. पहिली गोष्ट नातेवाइकांच्या हाती आहे, दुसरी देणगीदारांच्या.